राखेत ठेवलेली फटफटी

लढाईहून परत आलेल्या लडकूवरून गुणाबाईने आधी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग त्याला तांब्याभर पाणी दिले आणि लगेच हाताला धरून गोठ्यात नेले. इतक्या वर्षांनी नवरा घरी आलेला, त्याला बसू द्यावे, जेवू घालावे, चार गोष्टी विचाराव्यात. पण या बाईच्या पोटात एकच गोष्ट अशी दाटून बसली होती की तिला आधण ठेवायचीही शुद्ध नव्हती. गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात पेंढ्याचा मोठा मुडा बांधलेला होता. बियाण्याचा भात बांधतात तसाच, फक्त म्हशीएवढा. वरून दोरांचे वेढे, वेढ्यांत निरगुडीचा पाला खोचलेला.

"बगा," ती म्हणाली, "डोल्यांत तेल घालून जपलीय. नामाभावजींना हात पन लावू दिला नाय."

आत त्याची फटफटी होती. लडकूने पेंढ्यावर हात ठेवला आणि मोठ्या माणसाने रडू नये हे विसरून तो तिथेच रडला.

ही फटफटी मूळची सोराबशेटची. शेटचा लाकडाचा धंदा होता. धसईच्या बाजूला त्याचे जंगलतोडीचे कूप, मुरबाडला पेढी आणि खर्डी स्टेशनाजवळ वखार. या तिन्ही ठिकाणी निरोप पोचवायला त्याने लडकूला गाडी शिकवली, आणि म्हातारपणी धंदा बंद करून मुंबईला जाताना ती त्यालाच देऊन टाकली. मग काय विचारता! शहापूरजवळच्या त्या पाड्यात ज्याच्या दारी बैलगाडी तो मोठा, आणि इथे या पठ्ठ्याच्या दारी फटफटी. थळघाट चढून इगतपुरीला नुसता चहा पिऊन आलो, असे तो सांगायचा, आणि ते खरेही असायचे. बायकोला मात्र त्याने कधी मागे बसवले नाही. तिने एकदा विचारले तर म्हणाला, "येडी का खुली गो तू? लोक काय म्हनतील?" लोकांना म्हणायला तसेही दुसरे काम नव्हते, पण हे त्याच्या तेव्हा ध्यानात आले नाही.

लढाई पेटली आणि गाडी चालवणारी माणसे पलटणीत हवी झाली, तेव्हा लडकूने नाव घातले. निघायच्या आदल्या दिवशी त्याने इंजिनाचा प्लग काढून खिशात टाकला. कारण एकच, धाकटा भाऊ नामा. लडकूची गाडी स्टेशनातून सुटायच्या आत नामा फटफटीवर टांग टाकणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. प्लगच्या भोकात तेलाचा बोळा कोंबून लडकू बायकोला म्हणाला, "हिला वारापानी लागू देव नको. किडामुंगी आत शिरू देव नको. मी आलो की पयली तुला बसवीन, मंग लोक काय म्हनायचे ते म्हनू दे."

पुढे तार आली की लडकू वाळवंटात बेपत्ता आहे. पाड्याने बेपत्ताचा अर्थ आपल्यापुरता लावला. शेजारची जनाबाई बांगड्यांविषयी बोलली. नामा भंगारवाल्याला घेऊन आला. गुणाबाईने भंगारवाल्याला कोयता दाखवला आणि घाटापलीकडच्या वणीच्या देवीला नवस बोलली. देवीशी बोलताना माणसाने थोडे सावध असावे, जागा सोडून बोलावे. ही बाई म्हणाली, धनी जिवंत आले तर त्यांच्या फटफटीवर मागे बसून तुझ्या गडाच्या पायथ्याशी येईन आणि वर चढून तुझी ओटी भरीन. झाले! आता आगगाडी चालायची नाही, मोटार चालायची नाही. फटफटीच हवी.

आणि धनी आले की हो. इटलीतल्या कैद्यांच्या छावणीतून, तिथून जर्मनीतून, हाडांवर कोट टांगावा तसे. सोबत एक खोकला आला. देवळालीच्या इस्पितळात डॉक्टरने त्याच्या छातीचा फोटो उजेडाला धरला आणि तोवर थट्टा करणारा तो भला माणूस एकदम गप्प झाला. लडकू समजायचे ते समजला. घरी त्याने ते सांगितले नाही. गुणाबाईचा हिशेब वेगळा होता. देवी वाट बघून कंटाळलीय म्हणून खोकला थांबत नाही. चैत्राच्या यात्रेला नवस फेडला की थांबेल.

लडकूचा देवीवर फारसा भरवसा राहिला नव्हता. रस्त्यावर होता. छावणीत तो रोज सकाळी डोळे मिटून, मुठीत प्लग धरून शहापूरहून निघायचा. खर्डी मागे टाकायची, कसाऱ्याला इंजिन थोडे गार होऊ द्यायचे, मग घाट. कुठल्या वळणावर गिअरचा कुठला दात टाकायचा ते त्याचा पाय गवताच्या गादीवर दाबून बघायचा. भुकेने माणसे भिंतीकडे तोंड करून मरत होती आणि हा घाट चढत होता. त्यावरच तो जगला असे म्हटले तरी चालेल.

महिनाभर त्याला अंगणातून पायरीवर चढतानाही धाप लागत होती. शिमगा झाला, थोडे बरे वाटले, आणि त्याने मुडा सोडायला घेतला. आग्रा रोडवरच्या एका ओळखीच्या लॉरीवाल्याने बाटल्यांतून पेट्रोल आणून दिले होते. गुणाबाईची तयारी तर कधीचीच चालू होती. गोठ्यातल्या ओंडक्यावर एका बाजूला पाय सोडून, मेढीला धरून, ती पडवीतल्या जनाबाईला विचारायची, "नीट दिसतंय का गो?" जनाबाई हसून लोळायची.

पेंढा सुटला आणि फटफटी बाहेर आली. वरून कशी होती? लग्नातल्या तांब्यासारखी! दिवा चकचकीत, टाकीवर घासल्याची चमक. टायर तेवढे उलून गेले होते. लडकू वाकला आणि त्याने प्लगच्या जागी बोट घातले. बोट आत जाईना.

"तुमचा बोला उंदरांनी वडून काडला," गुणाबाई मोठ्या हौसेने सांगू लागली. "भोक उघडा पडला. म्हटलं आता किडा शिरनार. मंग चुलीतली राख वस्त्रगाल केली न् काडीनं ठासून ठासून भरली. टाकीत पन भरली. आपन वाल ठेवतो ना राखेत, तसा. पावसाल्यात ती खाली बसायची, दर दिवालीला मुडा सोडून मी वर अजून भरायची. येक किडा नाय शिरला, बगा तुमी."

लडकूचे बोट राखेवर तसेच राहिले. राख नव्हती ती आता. इतक्या पावसाळ्यांची ओल पिऊन ती चुन्यासारखी घट्ट झाली होती. गुणाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती, शाबासकीची वाट बघावी तशी. आणि का बघू नये? सगळा पाडा विरुद्ध असताना तिने एकटीने ही वस्तू राखली होती. वालाचे बी राखेत वर्षानुवर्षे टिकते, मग लोखंडाला काय धाड भरली, असेच तिला वाटले. कुणालाही वाटले असते.

"झ्याक ठेवलीस," लडकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फटफटी बैलगाडीत घालून तो शहापूरला धर्मा मिस्त्रीकडे घेऊन गेला. "घाटाआधी जरा तपासून घेतो," असे घरी सांगून. धर्मा त्याचा जुना दोस्त, आग्रा रोडला लॉऱ्या दुरुस्त करायचा. त्याने इंजिन उकलले, वरचे झाकण छिन्नीने सोडवले आणि मग हातातली हत्यारे खाली ठेवली. पिस्टन उसाच्या चोथ्यासारखा खाल्ला गेला होता. राखेचा खार आणि पावसाची ओल, दोघांनी मिळून आत काही शिल्लक ठेवले नव्हते.

"कोना दुश्मनानं केला रं ह्ये?"

"उंदरांनी."

"उंदीर राख भरीत नायत, लडकू."

लडकू झाकणातली राख बोटाने खरवडू लागला. धर्मा त्याच्याकडे बघत राहिला, मग त्याला कळले आणि तो मान खाली घालून हात पुसू लागला. "ह्या जुन्या गाडीचा सामान आता मुंबईत पन मिलायचा नाय," तो म्हणाला. "लढाईनं सगला खाल्ला. माजा आयकशील तर लोखंडाचे कोयते कर."

"झाकन परत बसव. चाका फिरली पायजेत. न् कोनाला बोलू नको. नामाला तर नायच."

नामाचीच भीती होती. त्याला कळले असते तर त्याने ढोल वाजवून सांगितले असते की वहिनीने फटफटी मारली. जन्मभर पाणवठ्यावर बायका तिला हसल्या असत्या. आणि ते परवडले असते एक वेळ. पण आपणच आपल्या हाताने देवीचा नवस मोडला, हे गुणाबाईला कळले असते. पुढे लडकूचे जे व्हायचे ते होणारच होते. ते झाल्यावर ही बाई उरलेले सगळे आयुष्य चुलीतल्या राखेकडे बघत बसली असती. लडकूला ते नको होते. त्याला मरणापेक्षा त्याचेच जास्त भय वाटले.

तरीही वेडी आशा सुटते थोडीच? तो रोज गोठ्याचे दार लावून इंजिनाशी झटत होता. रॉकेलमध्ये भाग भिजवत होता, खरवडत होता, खोकत होता. फडक्यावर रक्त आले की ते पेंढ्यात लपवत होता. बाहेर गुणाबाई खण, नारळ, हळदकुंकू एका फडक्यात बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. शेवटी लडकूने छिन्नी टाकली. उललेल्या टायरांत पेंढा कोंबला, प्लग जागेवर आवळला आणि उद्या निघू म्हणून सांगितले.

तुम्ही म्हणाल, घरातच काहीतरी सांगून टाकायचे. पण गाडी बिघडली म्हटले असते तर नामा पान्हा घेऊन हजर झाला असता. आणि दुसरे असे की त्याला गुणाबाईला एकदा तरी मागे बसवायचे होते.

सकाळी सगळा पाडा रस्त्यावर जमला. लडकूने फटफटी ढकलत आणली. गुणाबाई नवे लुगडे नेसली होती. ती मागे बसली, ओंडक्यावर शिकली तशी, एका बाजूला पाय सोडून. ओटीचे गाठोडे मांडीवर आणि एक हात नवऱ्याच्या खांद्यावर. चारचौघांत तिने त्याला असा हात कधी लावला नव्हता. "बसली बरी का मी?" तिने हळूच विचारले. लडकू पुढे बसून, दोन्ही मुठी धरून, समोर रस्त्याकडे बघत राहिला. खर्डी, कसारा, घाट, सगळे त्याला दिसत होते. खांद्यावरचा हात गरम होता. त्याने जमेल तेवढा वेळ तो तसाच राहू दिला.

मग तो उतरला.

"माज्याच्यानं नाय व्हायचा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "मला भेव वाटतो."

कुणाला आधी कळेचना. थळघाटाच्या गप्पा मारणारा लडकू तो हाच. नामा पुढे आला, "दादा, भेव कसला? मी चालवतो, बाजूला सर."

"हात लावू नको!" लडकू ओरडला, आणि मग खोकल्याने त्याला वाकवले. "लढाईत काय काय बगितला मी. घाट नाय चढायचा मी आता. हात कापतात. मी भित्रा झालो, बस."

पोरे हसली. मोठी माणसे हसली नाहीत, पण घरोघर गेली तेव्हा आपापसात बोलतच गेली. लडकूने ते सगळे ऐकले. आयुष्यात ज्या एका गोष्टीचा त्याला ताठा होता ती त्याने रस्त्यावर टाकून दिली होती आणि त्याचे त्याला वाईट वाटत होते, खूप वाटत होते.

गुणाबाई गाठोडे पोटाशी धरून उभी होती. ती रागावेल, रडेल, असे त्याला वाटले. तिने डोळे पुसले आणि मागून गाडीला हात लावला. "ढकला घरी," ती म्हणाली.

दोघांनी फटफटी गोठ्यात जागेवर लावली. मग ती घरात गेली आणि सुपातून राख घेऊन आली. चुलीतली, अजून कोमट. पदराच्या टोकातून ती राख गाळू लागली.

"मानसाचा कालीज जातो लढाईत," ती म्हणाली. "येतो पन परत. मी सांगीन देवीला समजावून. फुडच्या चैत्राला जाव. तवर ही खराब नाय व्हायला पायजे. तो भोक सोडा बगू, आधी तो भरून घेव."

लडकू तिच्याकडे बघत उभा राहिला. पुढचा चैत्र! त्याच्या ओठांपर्यंत सगळे आले होते. मग त्याने पान्हा घेतला, प्लग सोडवला आणि भोक मोकळे केले. ती चिमटीने राख सोडू लागली. काडी त्याने स्वतःच्या हातात घेतली.

"ठासून भरा हां," ती म्हणाली, "नायतर किडा शिरंल."

तो ठासून भरू लागला. भरून झाल्यावर त्याने प्लग फडक्याने पुसला आणि तिच्या हातावर ठेवला.

"मागच्या वेली तुमी खिशात घालून न्हेलात," ती म्हणाली. "या वेली माज्याकडं का?"

"आता मला काय लागायचा नाय. नामाला देव नको."

तिने प्लग पदराच्या गाठीत बांधला आणि पेंढा आणायला वळली.