टुकूचा नंबर हळू वाढला

टुकूचं खरं नाव वेगळं होतं, पण तान्ही असताना ती सगळ्यांकडे टुकूटुकू बघायची, म्हणून घरात तेच पडलं. त्याच टुकूला आठव्या वर्षी चष्मा लागला, आणि वर्ष सरायच्या आत त्याचा नंबर वाढला, तेव्हा तिच्या आईचं डोकंच चालेना. आई शहरातली बस चालवायची. लांबच्या थांब्यावर बससाठी हात कुणी केलाय आणि नुसतं डोकं कोण खाजवतंय, हे तिला वळणावरूनच कळायचं. आपल्या पोटच्या पोरीला समोरचा फळा दिसू नये, हे तिच्या गळी उतरेना.

"वाढीचं वय आहे, नंबर वाढणारच," चष्मेवाला म्हणाला आणि नवी भिंगं बसवून मोकळा झाला.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी मात्र टुकूची हनुवटी यंत्रावर टेकवली, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाल्या, "हिचा डोळा जरा भरभर लांब होतोय."

"लांब?" आईने पोरीकडे निरखून पाहिलं. डोळे होते तिथेच आणि होते तेवढेच होते.

"आतून लांब. गोल चेंडू मागच्या बाजूने लांबट झाला तर कसा दिसेल, तसं. मग दूरचं चित्र पडद्यापर्यंत पोचतच नाही, अलीकडेच पडतं. झालेली लांबी परत फिरत नाही, पण पुढचा वेग कमी करता येतो."

"म्हणजे नंबर उतरेल?"

"उतरणार नाही."

"मग आहे तिथेच राहील?"

"वाढेल. पण हळू वाढेल."

औषध घ्यायचं, तरी दुखणं वाढायचं, आणि ते वाढलं की बरं वाटून घ्यायचं, हे गणित आईला काही सुटेना. पण तिने मान डोलावली. झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, आणि रोज दिवसाउजेडी जमेल तितका वेळ बाहेर, असं ठरलं.

"बसमध्ये खिडकीशी बसवली तर ते बाहेर धरायचं का?" आईने विचारलं.

डॉक्टरबाईंना हसू आलं. "मोकळं मैदान बरं. भरपूर उजेड हवा आणि नजर लांब जायला हवी."

मैदान म्हणजे आईला एकच ठाऊक होतं, बसडेपोच्या मागचं. आपली पाळी संपली की ती टुकूला शाळेतून थेट तिकडे न्यायची. टुकूला तिथे करमायचं, कारण तिने स्वेटरच्या आत पुस्तक लपवून आणलेलं असायचं. दुसऱ्याच आठवड्यात आईने तिला एका बंद पडलेल्या बसच्या पायरीवर, नाक पानात खुपसून बसलेलं पकडलं.

"अगं, डोळ्यांसाठी आणते ना तुला इथे!"

"बाहेरच वाचतेय ना मी. मग हे बाहेर झालं की वाचन?"

आईने फोन करून डॉक्टरबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, थोडं वाचलं तर वाचू द्या, पण पळाली तर उत्तम. हे हो होतं की नाही होतं, तेही आईला कळलं नाही. तिने स्वतःच पोरीमागे पळायला सुरुवात केली.

घरात टुकूचे बाबा वेगळंच तुणतुणं वाजवत. ते छापखान्यात पुस्तकबांधणी करायचे, त्यांचा चष्मा लहानपणापासून जाड. डोळे कोरडे पडतात म्हणून तेही रोज थेंब घालायचे. "मला कुणी औषध घातलं होतं? पंचविशीत नंबर आपोआप थांबला," ते म्हणायचे.

"केवढ्यावर थांबला?" आईने एकदा विचारलं. बाबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि विषय बदलला.

पण गेले काही महिने बाबाच कुरकुरायला लागले होते. उन्हात गेलं की डोळे दिपतात. जवळची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसतात. एका पुस्तकाची मधली पानं त्यांनी उलटी शिवली, ती गिऱ्हाईकाच्या हातात गेल्यावर कळली. "चाळिशी लागली तुम्हाला," आई म्हणाली. त्यावर ते दिवसभर फुगून बसले.

मग टुकूच्या तपासणीचा दिवस आला. डॉक्टरबाई यंत्रावरून उठल्या त्याच खुशीत. "वा! अगदी थोडा वाढलाय. थेंबांचा काही त्रास? जवळचं पुसट दिसतं का, उजेडात डोळे दिपतात का गं?"

"माझे नाही," टुकू म्हणाली. "बाबांचे दिपतात."

डॉक्टरबाईंचं हसू ओसरलं. "बाबा कुठले थेंब घालतात? तुम्ही हिची बाटली आणलीय ना?"

आईने पर्समधून बाटली काढली. घरी टेबलावर दोन बाटल्या असत, एकाच दुकानातल्या, सारख्याच पांढऱ्या. वरचं नाव वाचायला तिने हात लांब केला, आणखी लांब केला. अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. तेवढ्यात टुकूने बाटली ओढून घेतली, चष्मा कपाळावर चढवला, बाटली नाकाला लावली आणि खणखणीत वाचलं, "कोरड्या डोळ्यांसाठी."

आईने बाटली परत हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे हिचं औषध..."

"तुमचे मिस्टर घालतायत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यांना ते बंद करायला सांगा आणि एकदा दाखवून जायला सांगा. आणि तुम्ही स्वतःचेही डोळे तपासून घ्या."

आईला शरम वाटत होती, पण त्याहून मोठा प्रश्न पुढे उभा होता. "मग हिचा नंबर कमी कशाने वाढला?"

"मैदानाने असेल. कदाचित यंदा मुळातच कमी वाढायचा असेल. एका मुलीवरून मला सांगता यायचं नाही."

"मग थेंब नकोत?"

"हवेत. पुष्कळ मुलांना उपयोग होतो."

"हिला तर न घालताच झाला की!"

"झाला असेल," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर मैदानही सोडायचं नाही."

घरी बाबांना हे सांगितलं, तर आधी ते घाबरले आणि मग खुलले. "म्हणजे मला चाळिशी नाही!"

"नाही. मला आहे," आई म्हणाली आणि भांडी जरा जास्तच जोरात घासायला लागली.

थोड्याच दिवसांत बाबांचे डोळे ताळ्यावर आले. टुकूच्या बाटलीला त्यांनी छापखान्यातला लाल दोरा बांधला. आईने जवळचा चष्मा केला. आता थेंब खरे पडत होते, आणि मैदानही चालू होतं.

पुढच्या तपासणीनंतर दवाखान्याच्या पायऱ्यांवरून आईने बाबांना फोन लावला.

"काय झालं?"

"वाढला."

"अरेरे."

"अरेरे नाही. चांगलं झालं म्हणतायत."

"मागच्यापेक्षा कमी वाढला?"

"तेवढाच. पण डॉक्टरबाई खूश आहेत. या वयात याहून जास्त वाढतो म्हणे. हिचा वाढला असता की नाही, ते त्यांनाही माहीत नाही."

बाबा वैतागले. "मग मी आनंद मानू की काय करू? एकदा नीट सांग."

पायऱ्यांच्या खाली टुकू रस्त्यापलीकडच्या पाट्या मोठ्याने वाचत उभी होती, आणि मधल्या दोन पाट्या सोडून देत होती. त्या दिसत नव्हत्या की कंटाळवाण्या होत्या, कोण जाणे.

"थांबा जरा," आई म्हणाली. "माझंच अजून ठरत नाहीये."

तिने फोन ठेवला. ऊन अजून बरंच होतं. पोरीचा हात धरून ती डेपोकडे चालायला लागली.