ट्रेगरच्या डोळ्यांवरचं तांबं

मेला तरी जोसाया ट्रेगर डोळे मिटेना. होबार्टमध्ये मुडद्यांना आंघोळ घालून कपडे चढवायचं काम माझं, त्यामुळे हट्टी डोळे मी पुष्कळ पाहिलेत. वर तांब्याच्या दोन पेन्या ठेवल्या की वजनानं पापण्या बसतात.

"पेन्या द्या, बाई," मी त्याच्या बायकोला म्हटलं.

थिर्झाबाईंनी अर्थात ट्रेगरच्याच काढल्या. या वसाहतीत विलायतेहून तांब्याची सुट्टी नाणी येईनात, म्हणून इथल्या दुकानदारांनी आपापल्या पेन्या पाडल्या होत्या. बाकीच्यांनी दुकानाचं नाव छापलं. या दीडशहाण्यानं राणीच्या जागी स्वतःचं थोबाड छापलं. वर तांबं वाचवायला पेनी इतकी पातळ केली की फुंकरीनं उडावी. नोकरांना पगार त्यातच, आणि त्या चालायच्या फक्त त्याच्याच दुकानात. मला या माणसाची किळस होती, आणि तो मेला म्हणून ती कमी झाली नाही.

त्याचं थोबाड मी त्याच्याच डोळ्यांवर ठेवलं. पापण्या हळूच वर आल्या, पेन्या कानाकडे घसरल्या.

"एकीवर एक ठेव," बाई म्हणाल्या.

त्याही खणखणत खाली गेल्या.

"बाई, पापणीसुद्धा जुमानत नाही यांना. माझ्याकडे मॉबीच्या आहेत, चांगल्या ढब्बू."

सायलस मॉबीचं दुकान समोरच. ट्रेगरचा हाडवैरी.

"त्या मेल्याचं नाव माझ्या नवऱ्याच्या तोंडावर? अगं, आत्ता अख्खं गाव येईल! चारचौघांत शोभला पाहिजे तो!"

"मग बघू दे त्याला गावाकडे टकामका."

बाईंनी मला शिव्या घातल्या, रडल्या, आणि शेवटी मान डोलावली.

गाव आलं. रांगेनं वाकून सगळ्यांनी वाचलं: 'मॉबी. चहा, साखर, मेणबत्त्या.' कुणाला खोकला आला, कुणी रुमालात तोंड खुपसलं. शेवटी खुद्द मॉबी आला.

"घेतलाच म्हणायचा माझा माल!" तो म्हणाला.

"काढ गं त्या!" बाई कडाडल्या.

काढल्या. ट्रेगरचे डोळे टक्कन उघडले. त्याच्या नोकराची बायको किंचाळली आणि लोक दाराकडे सरकले.

बाईंनी माझ्या हातातल्या पेन्या घेतल्या, तळहातावर जोखल्या, आणि स्वतःच नवऱ्याच्या डोळ्यांवर दाबून ठेवल्या.

"राहू देत, मॉबी. तुमच्या जड आहेत," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "हा मेला मलासुद्धा घरखर्चाला पातळ पेन्याच द्यायचा."