बोटीच्या फोटोखालचं बटण

मला मोडलं असतंत तरी चाललं असतं. तुम्ही मला झाकलंत, आणि वर म्हणालात, पान आता किती देखणं दिसतंय.

मी एक बटण बोलतोय. माझ्यावर दोनच शब्द आहेत: ‘जागा नोंदवा’. चिली देशातल्या चिलोए द्वीपसमूहाच्या लहान बेटांवरून महिन्यातून एकदा आजारी माणसांना मोठ्या बेटावरच्या रुग्णालयात नेणारी बोट आहे. तिच्या वेबसाइटवर माझा मुक्काम. बोटीत चौदा जागा. मला दाबलं की त्यातली एक तुमची.

मला घडवलं मोठ्या बेटावरच्या कास्त्रो शहरातल्या अंतोनियाने. पोर हुशार. दोन महिन्यांपूर्वी तिने पानाला नवं रूप दिलं: वर बोटीचा मोठा फोटो, खाली मी, हिरवागार. तिच्या नव्या संगणकावर मी झळकलो, तिच्या फोनवर झळकलो, बोटीच्या कचेरीतल्या साहेबांनी पाठ थोपटली आणि विषय संपला. जुन्या ब्राउझरमध्ये मी कसा दिसतो, हे पाहायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

बेटांवरच्या वाचनालयांत मात्र दहा-दहा वर्षांचे संगणक आहेत. तिथे मी फोटोच्या मागे दडपला गेलो. लोक यायचे, पान न्याहाळायचे, नोंदवायला काही दिसलं नाही की जागा संपल्या असं समजून परत जायचे. जागा संपलेल्या असण्याची त्यांना इतकी सवय, की एकाही माणसाने तक्रार केली नाही. त्यांच्या या सोसण्याचा मला राग येतो. ते सोसायला लावणाऱ्यांचा त्याहून जास्त.

मग त्या गुरुवारी बोटीवरच्या नर्सचा, यास्नाचा, अंतोनियाला फोन आला. “गेल्या खेपेला सहा खुर्च्या रिकाम्या नेल्या आम्ही. बेटांवरचे सगळे एकदम ठणठणीत झाले का गं?”

या खेपेची नोंदणी दुपारी बाराला बंद होणार होती. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

अंतोनियाने लगेच एका बेटावरच्या वाचनालयात फोन लावला. ग्रंथपाल रोसाल्बाबाईंनी उचलला. त्यांच्या शेजारी, नाव नोंदवायला आलेल्या हर्मिंदामावशी बसल्या होत्या. मावशींचा उजवा डोळा गेलेला, डाव्याचं ऑपरेशन सोमवारी. ही बोट चुकली तर पुढची तारीख आठ महिन्यांनी, आणि तोवर तो डोळा टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. नाव ज्याने त्याने आपल्या गुप्त क्रमांकाने स्वतःच नोंदवायचं, हा नियम. दुसऱ्याला भरता येत नाही.

“पान कसं दिसतंय?” अंतोनियाने विचारलं.

“छानच की, पोरी. बोट अगदी खरी वाटते.”

“आणि खालचं बटण?”

“कसलं बटण?”

अंतोनियाने पानावरच्या प्रत्येक चौकटीला लाल कड लावली, म्हणजे कोण कुठे बसलंय ते कळेल. बाईंनी पान पुन्हा उघडलं; कुठेच लाल दिसेना. साडेअकरा. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की तो संगणक साठवून ठेवलेली जुनीच प्रत दाखवतोय. तिने सजावटीच्या फाइलचं नावच बदललं, म्हणजे सगळ्याच संगणकांना नवी प्रत आणणं भाग. आता फोटोभोवती लाल कड दिसली, आणि तिच्या वरच्या काठावर माझी बारीकशी किनार.

पावणेबारा. अंतोनिया सजावटीचे निम्मे नियम काढायची, बाईंना विचारायची. उरलेल्यांतले निम्मे काढायची, पुन्हा विचारायची. शेवटी एकच ओळ उरली. मला फोटोच्या खाली बसवणारी, चारही कडांची अंतरं एका नव्या शब्दात सांगणारी. जुन्या ब्राउझरला तो शब्दच ठाऊक नव्हता. न कळलेलं तो मुकाट्याने सोडून देतो, बेटावरच्या माणसांसारखाच. तिने त्या एका शब्दाच्या जागी चार जुन्या, साध्या ओळी लिहिल्या.

“आता?”

“आलं! हिरवं आहे,” रोसाल्बाबाई म्हणाल्या.

मावशींनी पडद्याला नाक लावून गुप्त क्रमांकाचा एकेक आकडा चाचपत दाबला. दोनदा चुकल्या. कुणी घाई केली नाही. मीच जीव मुठीत धरून होतो. अकरा अठ्ठावन्नला त्यांच्या माउसचा बाण माझ्यावर आला आणि त्यांनी मला दाबलं.

मला सजवणाऱ्यांनो, मी सुंदर दिसावा असं मलाही वाटतं. पण आधी दिसावा. ज्याच्या हातात गावातलं सगळ्यात जुनं यंत्र आहे, त्याच्या शेजारी एकदा बसून मला बघा. तुमचा अर्धा तास जाईल. त्याचा डोळा जाणार नाही.

त्या दिवशी साहेबांनी अंतोनियाच्या सांगण्यावरून नोंदणी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवली. आधी बटण न दिसल्याने परत गेलेल्यांना रोसाल्बाबाईंनी निरोप धाडले. पहिले आले ओरोसिंबोकाका, बरी न होणारी जखम झालेल्या पायाला लोकरीचं फडकं गुंडाळून, काठी टेकत. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. काकांनी मला बराच वेळ निरखलं.

“म्हणजे गेल्या खेपेलाही जागा होती,” ते म्हणाले.