शंखातली खबर

भाट्याच्या सुरूबनात सकाळपासून बायकांची रांग लागली होती. शंखमहाराज शंख कानाला लावून डोळे मिटत आणि दूर समुद्रातल्या होडीची खबर देत.

"मथुरे, तुझ्या लेकाचं जाळं फाटलंय. सांजेला येतोय. सागरराजा खोटं बोलत नाय!"

लेक खरंच सांजेला यायचा, फाटकं जाळं घेऊन. पुढ्यातले नारळ वाढायचे.

केरूची होडी सोमवारी यायची होती. आज गुरुवार. "बुरोंडीच्या आडोशाला सुखरूप आहे. पोलिसांत गेलात तर समुद्र रुसेल," असं महाराजांनी बजावल्यामुळे त्याची बायको दमयंती गप्प बसली होती. केरूची बहीण संध्या गुहागरला विज्ञान शिकवायची. तिला आज पहाटे कळलं. तटरक्षक दलाला कळवूनच ती इथे आली.

"वहिनी, दादा कुठल्या बाजूला गेला होता? शोधणारे विचारतायत."

"बुरोंडी सांगा, वन्सं. महाराज काय उगाच बोलतात?"

बुरोंडी उत्तरेला. संध्याने वर पाहिलं. महाराजांच्या भगव्या झेंड्याच्या बांबूला होड्यांवर असते तशी पांढरी काठी बांधली होती. अँटेना. तिने शेजारच्या लवू खलाशाला बाजूला घेऊन काही सांगितलं. तो खाडीत आपल्या होडीकडे गेला.

थोड्या वेळाने ती पुढे झाली. "महाराज, 'मोरपंखी'ची खबर द्या."

शंख कानाला गेला. "मोरपंखी... इंजिन तापलंय... जयगडाकडे वळलीय!"

"अशी होडीच नाही. हे आत्ता माझ्या सांगण्यावरून लवू खाडीतून होडीच्या वायरलेस सेटवर बोलला."

तिने शंख ओढून घेतला. आतून वालाएवढा इअरफोन वाळूत पडला. तिने महाराजांच्या मागचा पडदा सारला; तिथे होड्यांवर असतो तसाच वायरलेस सेट चालू होता.

"मोबाइलवरचं बोलणं सांकेतिक होऊन जातं, मधे पकडलं तरी कळत नाही. सेटला असलं कुलूप नसतं. बुडणाऱ्याची हाक सगळ्यांना पोचावी म्हणून तो उघडा ठेवलेला. तुमचेच घरवाले त्यावर ओरडतात, आणि घरी येऊन नवल करतात!" मग ती महाराजांकडे वळली. "केरूचं काय ऐकलंत?"

महाराजांनी मान खाली घातली. "सोमवारपासून... काय नाय."

दमयंती पुढे आली. "दक्षिणेला गेले होते, वन्सं. पूर्णगडच्या पुढं."

संध्याने फोन लावून तसं सांगितलं. "तीन दिवस?" पलीकडचा अधिकारी म्हणाला. "तोवर होडी कुठच्या कुठे वाहवत गेली असेल."

"शंख हिसकावलात," मथुरा म्हणाली, "आता आमच्या पोरांची खबर कोण देणार गो?"

"हाच सेट देईल. तो मुका झाला, की त्याच तासाला तटरक्षक दलाला कळवा. कुणाला कौल लावू नका. कान आहेत, डोकं आहे, ते वापरा."

रांग मोडली नाही. एकीने वाळूतला इअरफोन उचलला, पदराने पुसला आणि महाराजांच्या पायाशी ठेवला.

दमयंतीने संध्याचा हात धरला. "सोमवारीच सांगितलं असतं तर?"

संध्याला खोटं बोलता येत नव्हतं.

"तर शोधायचा समुद्र लहान असता, वहिनी."