पायपिटीचे गुण

एका मिस्त्रीने घरची माणसं आत असतानाच घराचं पुढचं दार विटांनी बुजवलं.

स्वयंपाकघरात बसलेली एक मुलगी भिंतीकडे तोंड करून ओरडली, "हजर!"

डोंगरापलीकडून शाळेत येणाऱ्या एका पोराच्या पोटऱ्या बघायला परगावचे पाहुणे आले. पोराने पायजमा वर केला. पाहुणे म्हणाले, "वा!"

एका मामीने बजावलं, "भाचा ठेवून घेते. भाचीला जागा नाही."

झालं होतं असं. शाळेत मुलांना व्यायामाचे गुण द्या, असा वरून हुकूम आला. मैदान नव्हतं. गुरुजींनी डोकं लढवलं: घरापासून शाळेपर्यंतची पायपीट हाच व्यायाम. सर्वांत लांबून येईल तो पहिला, सर्वांत जवळचा नापास. आणि व्यायामात नापास झालेल्याला वरच्या वर्गात जाता येणार नाही.

मिस्त्रीचं घर आणि शाळा यांच्यात भिंत एकच. त्याची मुलगी दरवर्षी गणितात पहिली यायची आणि दरवर्षी चौथीतच राहायची. धाकट्या भावाला वेळीच मामाकडे धाडलं होतं. तो ओढा ओलांडून यायचा, धडाधड पास व्हायचा. यंदा तो तिच्याच बाकावर येऊन बसला होता.

"सरक ना, ताई," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बाक तुलाच आहे सगळा."

तिने गुरुजींना गाठलं. "मी रोज बाबांना विटांची घमेली उचलून देते."

"ते काम झालं. कामाने घाम येतो, गुण येत नाहीत."

आई कमरेला पदर खोचून आली. "गुरुजी, तुमचं अंथरूण तर वर्गातच असतं. मग तुम्ही कितवीत?"

"वहिनी, मी परीक्षक आहे."

त्याच दिवशी मिस्त्रीने पुढचं दार बुजवायला घेतलं.

"अहो, मी आत आहे!"

"मग मागून ये."

मागच्या दारापासून त्याने भिंत बांधत नेली. ती विहिरीला वळसा घालून, गोठ्यामागून निघाली आणि वेढे घेत घेत शाळेभोवती फिरली. मुलगी पहिल्यांदाच धापा टाकत वर्गात पोचली.

"शाबास," गुरुजी म्हणाले. "पण भिंत शाळेभोवती आहे. सगळ्यांचीच वाट वाढली. तू आहेस तिथेच."

"आणखी वाढवतो!" मिस्त्री म्हणाला.

"बाबा, तुमचं गणित कच्चं आहे." मुलीने थापी हातात घेतली. "बांधा हवी तेवढी. पण वळणं मी सांगेन. आणि प्रत्येक वळणावर एक वाट अशी ठेवा, की ती कुठेच जाणार नाही."

परीक्षेच्या सकाळी ती वेळेवर येऊन बसली. वर्गात दुसरं एकही पोर नव्हतं. भिंतींमागून मात्र आवाज येत होते.

"इकडून नाही रे!"

"इथे आपण मघाशीच आलो होतो की!"

"ताई! ताई गं!"

गुरुजी स्टुलावर चढले. पोटऱ्यांवाला पोरगा त्याच कोपऱ्यावरून पुन्हा पुन्हा ताठ मानेने जात होता. "सगळे चालतायत," गुरुजी समाधानाने म्हणाले. "व्यायाम उत्तम चालू आहे."

"पण शाळेपर्यंतची पायपीट मोजायची ना? शाळेपर्यंत आलंय कोण?"

गुरुजी स्टुलावरच विचारात पडले. "एकटीच आलीस, म्हणजे तूच सर्वांत जवळची. नापास."

"आणि सर्वांत लांबचीही मीच. पहिली."

गुरुजींनी बोटांवर हिशेब करून पाहिला. मोजायला एकच बोट होतं. कुठूनही मोजलं तरी तेच येत होतं. "जा बाई पाचवीत," ते म्हणाले.

"ताई, मला बाहेर काढ ना!" भिंतीपलीकडून भाऊ रडकुंडीला आला होता.

"शाळा सुटल्यावर," ती म्हणाली आणि पाचवीच्या बाकावर ऐसपैस बसली.

गुरुजी स्वतः लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून शाळेत जात.