बबिताच्या वाट्याचा गूळ

"मॅडम, पोरगी तक्रार द्यायले आली का तुम्ही पह्यले तिच्या बापाले फोन लावता काय?"

विचारून दाखव, अशी पैज शेजारी बसलेल्या मोनालीनं लावली होती. वर्षानं ती उभ्या उभ्या जिंकली. अख्ख्या वर्गात हशा पिकला. शाळेत माहिती द्यायला आलेल्या हवालदार संगीता मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"पोरगी सज्ञान असन तर कायले लावू?"

मग वर्षानं पैजेत नसलेला प्रश्न विचारला. या खेपेला आवाज आपोआप खाली आला. "आन् परदेशात शिकत असन तर?"

"तर तिथल्याच पोलिसात जायचं. भाषा जमत नसन तर दुभाषी मागायचा, आपल्या दूतावासालेही कळवायचं. कोन हाये वं?"

"कोनी नाही," म्हणत वर्षा खाली बसली.

होती तिची मोठी बहीण बबिता, जॉर्जियात डॉक्टरकी शिकणारी. वर्षा तिला 'बाई' म्हणायची. मागच्या महिन्यात दोघी व्हिडिओ कॉलवर खिदळत असताना शाम बबिताच्या खोलीत घुसला. शाम शेजारच्या बंजारा तांड्याचा, तिच्याच वर्गातला. लग्नाला नाही म्हटल्याचा राग त्याच्या डोक्यात होता. त्यानं तिचा गळा धरून तिला भिंतीवर आपटलं. फोन खाली पडला. मग वर्षाला नुसतं छत दिसत राहिलं, अन् बहिणीचा आवाज येत राहिला.

बबिता पोलिसात निघालीच होती. बापानं, खेमसिंगनं, फोनवर अडवलं. "परक्या मुलखात पोलिसाच्या भानगडीत पडलीस तर वापस पाठवतीन. आपला नायक हाये ना!"

नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात दोन्ही तांडे बसले. शामच्या बापानं हात जोडले, नायकानं गूळ वाटला. तो गूळ तोंडात गेला की प्रकरण संपलं, पुन्हा कोणी विषय काढायचा नाही. बबिता तर तिथं नव्हती. म्हणून तिच्या वाट्याचा खडा वर्षाच्या हातावर आला, अन् भांडण मिटलं या आनंदात वर्षानं तो मिटक्या मारत खाल्ला.

तेव्हापासून बबितानं फोनवर तोंड दाखवलं नव्हतं. शाम रोज तिच्या मागच्याच बाकावर बसत होता. काल ती एवढंच बोलली, "माह्या नावानं गूळ खाल्ला ना तुम्ही? मंग झालं."

शाळेतून आल्यावर वर्षानं दप्तरसुद्धा काढलं नाही.

"बा, बाईचा गूळ मीनं खाल्ला. तिनं नाही."

"हळू बोल," खेमसिंग दाराकडे बघत म्हणाला. "नायकाच्या कानावर गेलं तर तांडा वाळीत टाकन आपल्याले."

चुलीपाशी बसलेल्या याडीचा, आईचा, भाकरीवरचा हात थांबला. "पोरी, तिचं शिक्षण जाईन वं..."

"याडी, ते त्याच्या पुढच्या बाकावर बसून शिकून राह्यली, ते शिक्षण हाये काय?" वर्षा बापाकडे वळली. "पोलिसात जायचं का नाही, ते बाई ठरवन. पन ते गेली, तर मीनं जे पाह्यलं ते मी सांगनार. साक्ष देनार हावो मी. वाटेतच तिले फोन करून सांगतलं बी."