वजाबाकीत उरलेलं नादस्वरम

नवं सॉफ्टवेअर आवाज खातं, हे मी सालिग्रामममधल्या आमच्या स्टुडिओत महिनाभर इतक्यांदा बोललो की खालच्या फिल्टर-कापीवाल्यालाही ते पाठ झालं होतं. जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला म्हणून याळिनीनं सगळी कामं नव्यावर हलवली होती. याळिनी माझी कामातली जोडीदारीण. मी मिक्सिंग करतो, ती रेकॉर्डिंग करते आणि उरलेल्या वेळात माझ्याशी वाद घालते.

"अण्णा, सॉफ्टवेअर नुसती बेरीज करतं. दोन आणि दोन कुठंही चारच."

"तुझ्या त्या चारात पिळ्ळैंचं नादस्वरम दोन पावलं मागं गेलंय."

"मला तर दोन्ही सारखीच वाटतात."

तिचं हे शेवटचं वाक्य मला फार लागायचं. कारण आडी, म्हणजे आषाढ महिन्यात वडपळनीच्या डॉक्टरांनी माझे कान तपासून सांगितलं होतं, की उजव्या कानाला वरचे सूर कमी ऐकू येतायत, वयोमानानं होतं असं. मी कुणालाच बोललो नव्हतो, बायकोलासुद्धा नाही. सत्तावीस वर्षं याच कानांनी घर चालवलं. सॉफ्टवेअर वाईट निघालं तर माझे कान चांगले, एवढ्या एका आशेवर मी भांडत होतो.

सनईच्या जातीचं हे नादस्वरम वाजवणारे चिदंबरनाथन पिळ्ळै त्यांचं गाणं ऐकायला येणार होते, त्या सकाळी याळिनी म्हणाली, "आज सोक्षमोक्ष लावू. तेच गाणं जुन्या-नव्या दोन्हींतून काढलंय. एकाच्या आवाजाची लाट उलटी करते, म्हणजे ही जिथं वर जाईल तिथं ती खाली. मग दोन्ही एकत्र वाजवते. जे सारखं असेल ते एकमेकांना पुसून टाकेल. काही उरलं तर तुम्ही खरे."

"आणि नाही उरलं तर?"

"तर हा आवाज खाण्याचा विषय बंद."

मी मनाशी ठरवून टाकलं, की काही उरलं नाही तर आजच ही खुर्ची तिला द्यायची आणि घरी जायचं.

तिनं बटण दाबलं. तविलचा ढोल आला नाही, तंबोरा नाही, टाळही नाही. आणि मग लांबून, हळू, एकटं नादस्वरम ऐकू आलं. मध्ये पिळ्ळैंनी घेतलेला श्वाससुद्धा.

"उरलं! ऐकलंस? उरलं!" मी ओरडलोच.

दारात पिळ्ळै उभे होते. "काय रे सबेसन, बाकीच्यांना जेवायला पाठवलंस की काय?"

याळिनी मात्र हरल्यासारखी दिसेना. "थांबा अण्णा. नादस्वरमच का उरलं? कारण ते एकटंच मधोमध ठेवलंय, बाकीचं पार डाव्या-उजव्या टोकाला. मधला आवाज दोन्ही स्पीकरांतून येतो, म्हणून तो जरा कमी करतात. नवं तीन डेसिबल कमी करतं. जुन्यात तुम्ही किती ठेवलं होतं?"

"मी? मी कशाला काय ठेवतोय!"

ती उठून जुन्या कॉम्प्युटरच्या बाजूला जाऊन वाकली. दर आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला हत्यारं पुजतात तेव्हा, मी त्याच्या पत्र्यावर एकाच जागी चंदन-कुंकू लावायचो. चौदा वर्षांची पुटं चढली होती. त्याखालून कागदी चिकटपट्टीचं टोक डोकावत होतं. तिनं नखानं चंदन खरवडलं. खाली माझंच अक्षर निघालं: 'मधल्या आवाजाची कपात शून्य. कुणी हात लावू नये.'

पिळ्ळै हसून हसून भिंतीला टेकले. "स्वतःच्याच चिठ्ठीला गंध लावत बसलास होय रे!"

याळिनीनं नव्यातही कपात शून्य केली, गाणं पुन्हा काढलं आणि पुन्हा तसंच वाजवलं. या वेळी काहीच आलं नाही, नुसती एसीची घरघर. माझी हार झाली होती आणि डोळे भरून आले होते.

"सॉफ्टवेअर सारखीच आहेत," याळिनी हळूच म्हणाली. "पण ते तीन डेसिबल तुम्हाला ऐकू आले, अण्णा. मला नाही आले."

तेव्हा कुठं मी डॉक्टरांचं सांगितलं. तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली.

"मग महिनाभर भांडलात कशाला? सांगायचं ना सरळ. वरचे सूर मी बघत जाईन, बाकीचं तुम्ही बघा."

मी 'बरं' म्हटलं. त्या पोरीचे उपकार मी कसे फेडणार होतो?

पुढच्या पंधरवड्यात आयुधपूजा आली. नव्या कॉम्प्युटरवर तीच चिठ्ठी लिहून चिकटवली होती; ती सोडून मी त्याला चंदन लावलं. जुन्याला लावलं. वाटीत थोडं उरलं, त्यातलं मी माझ्या दोन्ही कानांच्या पाळ्यांना लावलं.

"हे काय अण्णा?" याळिनी प्रसादाच्या सुंडलचे हरभरे खाता खाता हसत सुटली.

"हत्यारंच आहेत की," मी म्हटलं आणि वाटीतलं शेवटचं बोटभर चंदन तिच्या कानाला लावलं.